मोबाईल कंपनीच्या नावाने येणारे फसवे दूरध्वनी : स्वरूप, कार्यपद्धती आणि ओळख

प्रस्तावना :

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले आणि भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ झाला. त्या काळी हे साधन मोजक्या धनिकांच्या हाती होते. बाहेरून येणाऱ्या दूरध्वनीसाठीही ग्राहकास पैसे मोजावे लागत. ही आकारणी २००३ साली थांबली आणि पुढील काही वर्षांत मोबाईल सर्वसामान्यांच्या खिशात आला. तथापि तेव्हाही तो प्रामुख्याने बोलण्याचेच साधन होता. मोबाईल हरवला तर उपकरण जात असे आणि फार तर त्यात साठविलेले नातेवाइकांचे क्रमांक जात असत.

आज मोबाईल क्रमांकाचे स्वरूप पूर्णतः पालटले आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाद्वारे होणाऱ्या ऑनलाईन व्यवहारांसाठी अतिरिक्त पडताळणी अनिवार्य केली आणि मोबाईलवर येणारा ओटीपी घराघरांत पोहोचला. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यावर बँक खातेच मोबाईल क्रमांकाशी बांधले गेले. आधार, डिजिलॉकर, गॅसची नोंदणी, प्राप्तिकराचे विवरणपत्र, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज या सर्व ठिकाणी व्यक्तीची ओळख पटविण्याचे काम तिच्या नावावरील दहा अंकी क्रमांक करतो. पूर्वी जे स्थान सहीला होते, ते आता या क्रमांकाला प्राप्त झाले आहे. साहजिकच ज्याच्या हाती क्रमांक त्याच्या हाती सही, हे सूत्र फसवणूक करणाऱ्यांच्या लक्षात सर्वांत आधी आले.

केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीमुळे २०२३ मध्ये नागरिकांचे सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे २२,८४५ कोटी रुपयांवर पोहोचला. यात गुंतवणुकीच्या आमिषापासून कर्जाच्या ॲपपर्यंत सर्वच प्रकार समाविष्ट आहेत. त्यांपैकी मोबाईल कंपनीच्या अथवा दूरसंचार विभागाच्या नावाने येणारा दूरध्वनी हा एकच प्रकार प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. हा प्रकार अनेकदा स्वतंत्र नसतो. तो इतर फसवणुकींचे प्रवेशद्वार असतो.

मोबाईल कंपनीचाच मुखवटा का?

बँकेच्या नावाने दूरध्वनी करणाऱ्यास समोरच्या व्यक्तीचे खाते नेमके कोणत्या बँकेत आहे हे ठाऊक असावे लागते. नसल्यास पहिल्याच वाक्यात त्याचे सोंग उघडे पडते. मोबाईल कंपनीच्या बाबतीत ही अडचण येत नाही. ज्याला दूरध्वनी लागला तो कोणत्या तरी मोबाईल कंपनीचा ग्राहक आहे, हे त्याने दूरध्वनी उचलताच सिद्ध होते. देशात आता मुख्यत्वे चारच कंपन्या उरल्या असल्याने अंदाजाने नाव घेतले तरी चारांतून एकदा ते बरोबर येते. नाव न घेता 'आपल्या मोबाईल कंपनीतून बोलतोय' एवढे म्हटले तरी ऐकणारा मनातल्या मनात कंपनीचे नाव भरून घेतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मोबाईल कंपनी पैशांशी थेट संबंधित नाही, असा सर्वसाधारण समज आहे. बँकेचे नाव ऐकताच सावध होणारी व्यक्ती सिमच्या नूतनीकरणाची गोष्ट ऐकताना तितकी सावध नसते. 'पासवर्ड विचारला नाही, पिन विचारला नाही, मग धोका कसला?' असे तिला वाटते. वस्तुतः ओटीपी ज्या वाटेने येतो ती वाटच भामट्याने आपल्याकडे वळवून घेतली, तर त्याला ओटीपी विचारण्याची गरजच राहत नाही.

फसवणुकीची बदलती रूपे :

या फसवणुकीचा इतिहास पाहता एक बाब प्रकर्षाने जाणवते. दूरसंचार क्षेत्रात जो खरा बदल ज्या काळात चालू होता, त्याचेच निमित्त त्या त्या वेळी भामट्यांनी वापरले आहे.

२०१६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभर थ्रीजीकडून फोरजीकडे स्थलांतर सुरू होते. जुने सिम बदलून नवे घेण्याविषयी कंपन्यांचे खरे संदेश ग्राहकांना येत होते. त्या काळात 'आपले सिम फोरजी करून देतो' असे सांगणारे दूरध्वनी येऊ लागले. बोलणारा ग्राहकाला एक वीस अंकी क्रमांक पाठवी आणि तो कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर एसएमएसने पाठविण्यास सांगे. नंतर कंपनीकडून खातरजमेचा खराखुरा संदेश येई. त्याला होकार देण्यास सांगितले जाई. तो वीस अंकी क्रमांक म्हणजे भामट्याच्या हातातील कोऱ्या सिमचा अनुक्रमांक होता. प्रत्येक सिमवर असा १९ किंवा २० अंकांचा क्रमांक छापलेला असतो, पण तो वाचण्याची वेळ ग्राहकावर सहसा येत नाही. ग्राहकाने स्वहस्ते पाठविलेल्या त्या संदेशाचा अर्थ 'माझा क्रमांक या नव्या सिमवर चालू करा' असा होता. थोड्याच वेळात ग्राहकाच्या मोबाईलवरील नेटवर्क नाहीसे होई. काही वेळ असे होणारच, असे आधीच सांगून ठेवलेले असल्याने तो स्वस्थ बसे. येथे कंपनीची यंत्रणा कोणीही फोडलेली नव्हती. सर्व काही नियमानुसार घडले होते आणि अर्ज खुद्द ग्राहकानेच केलेला होता.

सिम बदलून क्रमांक पळविण्याचा हा प्रकार किती महाग पडू शकतो, हे डिसेंबर २०१८ मधील मुंबईच्या घटनेने दाखवून दिले. तेथील एका व्यावसायिकाच्या मोबाईलवर रात्री उशिरा सहा मिस्ड कॉल आले होते. सकाळी क्रमांक बंद पडल्याचे त्यांच्या लक्षात आले, तोवर खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये निरनिराळ्या खात्यांत वळविले गेले होते. रात्रीची वेळ निवडण्यामागे उघड हेतू आहे. माणूस झोपलेला असतो, कंपनीची दुकाने बंद असतात आणि नेटवर्क गेल्याचे कळायला सकाळ उजाडावी लागते.

त्यापुढील लाट केवायसीची होती. तिची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१७ च्या आदेशानंतर दूरसंचार विभागाने मार्च २०१७ मध्ये सर्व मोबाईलधारकांची आधारद्वारे पुनर्पडताळणी करण्याच्या सूचना कंपन्यांना दिल्या. पुढे वर्षभर 'आधार जोडा, अन्यथा क्रमांक बंद होईल' अशा आशयाचे संदेश कोट्यवधी ग्राहकांना आले. ते संदेश खरे होते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करता येणार नाही हे स्पष्ट झाले. परंतु तोवर संपूर्ण देशाच्या कानाला एका वाक्याची सवय लागून गेली होती. त्यानंतरच्या काळात 'आपली केवायसी संपली आहे, २४ तासांत सिम बंद होईल' असे संदेश व दूरध्वनी येऊ लागले तेव्हा ते कोणालाच नवे वाटले नाहीत. या प्रकारात ग्राहकास दूरस्थ नियंत्रणाचे एखादे ॲप उतरवून घेण्यास आणि 'पडताळणीसाठी' दहा रुपयांचा रिचार्ज करण्यास सांगितले जाई. ॲपमुळे मोबाईलचा पडदा भामट्याला दिसू लागे, आणि दहा रुपयांसाठी भरलेला कार्ड क्रमांक, पिन व ओटीपी हे सर्व तो जागेवर बसून वाचत असे. अशा ॲपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. दहा रुपये ही रक्कम जाणीवपूर्वक निवडलेली असते. एवढ्या रकमेसाठी कोणी फसवील, असे कोणाच्या मनातही येत नाही.

अलीकडे कंपनीऐवजी थेट भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, नाव घेतले जाते. ध्वनिमुद्रित आवाज सांगतो की आपले सर्व क्रमांक दोन तासांत बंद होत आहेत; अधिक माहितीसाठी ९ हा आकडा दाबा. आकडा दाबताच 'अधिकारी' बोलू लागतो आणि आपल्या नावावरील दुसऱ्या एखाद्या क्रमांकावरून गुन्हा घडल्याचे सांगून दूरध्वनी कथित पोलिसांकडे सोपवितो. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ज्या 'डिजिटल अटके'चा उल्लेख केला, तिचा आरंभ अनेकदा याच दूरध्वनीने होतो. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेले ट्राय हे नियामक मंडळ आहे. ते वैयक्तिक ग्राहकाचा क्रमांक बंद करीत नाही आणि त्यासाठी कोणाला दूरध्वनीही करीत नाही, असा खुलासा प्राधिकरणाने वारंवार केलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगातून एखाद्या विद्यार्थ्याला 'तुझे ओळखपत्र दोन तासांत रद्द होईल' असा दूरध्वनी यावा, तितकेच हे असंभवनीय आहे.

सर्वांत नवे निमित्त ई-सिमचे आहे. ई-सिममध्ये प्लास्टिकचा तुकडा नसतो. मोबाईलमध्ये बसविलेल्या चिपवर कंपनीकडून आलेली माहिती उतरवून घेतली की क्रमांक चालू होतो. सोय मोठी आहे, मात्र त्यामुळे क्रमांक पळविण्यासाठी दुकानात जाऊन खोटी कागदपत्रे दाखविण्याचा त्रासही उरलेला नाही. 'फाइव्हजीसाठी ई-सिम करून देतो' असे सांगून बोलणारा एखादा दुवा पाठवितो, किंवा कंपनीकडून आलेला सांकेतांक अथवा क्यूआर कोड आपल्याला पाठविण्याची विनंती करतो. तो मिळाल्यावर क्रमांक त्याच्या उपकरणावर सुरू होतो आणि ग्राहकाचे मूळ सिम निष्प्राण होते.

कॉल फॉरवर्डिंगचा प्रकार याहून साधा आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. नेटवर्क सुधारण्याच्या मिषाने तारांकन, काही अंक आणि शेवटी हॅश असा एखादा कोड डायल करण्यास सांगितले जाते. त्यामुळे ग्राहकास येणारे दूरध्वनी दुसऱ्या क्रमांकावर वळतात. सिम चालू राहते, नेटवर्क दिसत राहते, एसएमएसही येतात. मात्र दूरध्वनीद्वारे सांगितला जाणारा ओटीपी भामट्याच्या कानी पडतो. व्हॉट्सॲपचे खाते अशाच रीतीने पळविले जाते. या कारणास्तव दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी कोडद्वारे कॉल वळविण्याची सुविधा स्थगित करण्याचे आदेश दिले. तरीही अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून तारांकन आणि हॅश असलेला कोणताही कोड डायल न करणे हेच योग्य होय.

ज्या खुणांवर विसंबू नये :

असा दूरध्वनी ओळखण्यासाठी सामान्यतः पडद्यावरील क्रमांक पाहिला जातो. परंतु पडद्यावर दिसणारा क्रमांक म्हणजे जेथून दूरध्वनी निघाला त्या जाळ्याने केलेले निवेदन असते. स्वीकारणारे जाळे बहुधा ते खरे मानून चालते. परदेशातून इंटरनेटद्वारे केलेला दूरध्वनी भारतीय क्रमांकावरून आल्यासारखा दाखविता येतो, तो याच कारणाने. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने असे दूरध्वनी रोखणारी यंत्रणा कार्यान्वित केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख बनावट दूरध्वनी अडविले गेले. ही यंत्रणा उपयुक्त असली तरी देशातल्या देशात खोट्या नावाने घेतलेल्या सिमवरून येणाऱ्या दूरध्वनीला ती अडवू शकत नाही. क्रमांक शासनाने किंवा कंपनीने राखून ठेवलेल्या मालिकेतील असेल तर विश्वास थोडा वाढू शकतो. प्रचारासाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे. शासकीय व वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी २०२४ मध्ये १६०० ची मालिका नेमून देण्यात आली. सर्वसाधारण दहा अंकी खासगी क्रमांकावरून कोणी 'मुख्यालयातून' बोलत असेल, तर तेवढ्यावरच शंका घेण्यास हरकत नाही.

बोलण्याची भाषा ही दुसरी फसवी खूण होय. काही वर्षांपूर्वी झारखंडमधील जामताडा जिल्ह्याचे नाव या गुन्ह्यांमुळे देशभर झाले, आणि अडखळत्या हिंदीत बोलणारा तो भामटा, असा समज रूढ झाला. हा समज आता घातक ठरतो. शुद्ध, सौम्य मराठीत 'सर, आपल्याला तसदी देतोय' असे म्हणणारा आवाजही तितकाच संशयास्पद असू शकतो.

तिसरी खूण म्हणजे बोलणाऱ्याजवळ असलेली माहिती. नाव, जन्मतारीख, पत्ता, नोकरीचे ठिकाण इतके सारे ठाऊक असलेला माणूस कंपनीचाच असणार, असे स्वाभाविकपणे वाटते. या संदर्भात प्राध्यापकवर्गाने स्वतःच्या घराकडे पाहणे इष्ट ठरेल. अनेक महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर मूल्यांकनाच्या निमित्ताने प्राध्यापकांचे परिचयपत्र जसेच्या तसे चढविलेले असते. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, निवासाचा पत्ता, मोबाईल क्रमांक, नियुक्तीचा दिनांक, क्वचित पॅन क्रमांक आणि खाली सहीसुद्धा असते. मूल्यांकन समिती येऊन गेल्यावर ते पान कोणी उघडत नाही, भामटे मात्र उघडतात. ज्या तपशिलांच्या आधारे कंपनी ग्राहकाची ओळख पटविते, तेच तपशील अशा पानावर विनामूल्य उपलब्ध असतात. ही पाने काढून टाकण्यास कोणत्याही निधीची अथवा ठरावाची आवश्यकता नाही.

मागणीवरून ओळख :

क्रमांक, आवाज आणि माहिती या तिन्ही गोष्टी उसन्या आणता येतात. उसनी आणता येत नाही ती फक्त मागणी. कारण ज्यासाठी दूरध्वनी केला ती गोष्ट भामट्याला केव्हा ना केव्हा मागावीच लागते. वर वर्णिलेल्या सर्व प्रकारांत ती मागणी एकाच जातीची आहे, हे लक्षात येईल. संदेश पाठवा, आकडा दाबा, कोड डायल करा, ॲप उतरवा, आलेला सांकेतांक सांगा : प्रत्येक ठिकाणी कृती ग्राहकाच्या हातून आणि ग्राहकाच्या मोबाईलवर व्हावी लागते, कारण कंपनीच्या यंत्रणेवर भामट्याचा अधिकार चालत नाही. ज्याचा अधिकार चालतो त्या खऱ्या कंपनीला यातले काहीही मागण्याचे कारण पडत नाही. सिमचा अनुक्रमांक तिच्याकडे नोंदलेला असतो. नेटवर्कची दुरुस्ती ती स्वतःच्या मनोऱ्यावर करते. ओटीपी तर तिनेच पाठविलेला असतो; तो ग्राहकास परत विचारण्यात काय हशील?

एक नमुनादाखल संभाषण पाहणे उपयुक्त ठरेल. "नमस्कार सर, आपल्या मोबाईल कंपनीच्या मुख्यालयातून बोलतोय. आपल्या सिमचं व्हेरिफिकेशन पेंडिंग दाखवतंय. आज संध्याकाळी सहानंतर नंबर बंद होईल. दोन मिनिटं दिलीत तर मी इथूनच करून देतो, दुकानात जायची गरज नाही. फक्त फोन कट करू नका." यातील पहिली दोन वाक्ये भीती घालतात, तिसरे मुदत देते आणि चौथे उपकार करते. सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. दूरध्वनी चालू असेपर्यंत ग्राहक दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही नाही. खऱ्या कंपनीच्या दृष्टीने ग्राहकाने दूरध्वनी ठेवला आणि दहा मिनिटांनी स्वतः ग्राहक सेवा क्रमांकावर चौकशी केली, तर त्यात बिघडण्यासारखे काहीच नसते. म्हणून 'मी आपल्या दुकानात येऊन करतो' असे म्हणून पाहावे. खरा कर्मचारी 'ठीक आहे' म्हणतो. भामटा मात्र मुदत कमी करतो, आवाज चढवितो किंवा दूरध्वनी 'वरिष्ठांकडे' देतो.

यावर एक आक्षेप संभवतो. पुनर्पडताळणी कधीच होत नाही काय? होते. मे २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने बनावट कागदपत्रांच्या संशयावरून सुमारे ६ लाख ८० हजार जोडण्यांची पुनर्पडताळणी करण्यास कंपन्यांना सांगितले होते. परंतु त्यासाठी दिलेली मुदत ६० दिवसांची होती. शासकीय यंत्रणेच्या गतीचा अनुभव असलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला दोन तासांची मुदत खोटी वाटायला हवी. तसेच कंपनीचा खरा संदेश खासगी दहा अंकी क्रमांकावरून न येता नोंदणीकृत अक्षरी नावाने येतो. २०२५ च्या नियमदुरुस्तीनंतर या नावाच्या शेवटी संदेशाचा प्रकार दर्शविणारे एक इंग्रजी अक्षर जोडण्यात येऊ लागले : प्रचारासाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि शासकीय संदेशासाठी जी.

शिक्षित व्यक्ती का फसते?

अशा घटनेची बातमी वाचल्यावर 'इतका शिकलेला माणूस कसा फसला?' असे उद्गार शिक्षक कक्षातही ऐकू येतात. या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. ही फसवणूक अज्ञानावर जितकी चालते, त्याहून अधिक आज्ञाधारकतेवर चालते. नियम पाळणारा, मुदतीत अर्ज भरणारा, कार्यालयीन पत्राला उत्तर देणारा माणूस हे तिचे उत्तम सावज होय. 'माहिती आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत न चुकता सादर करावी' अशी परिपत्रके ज्यांच्या टेबलावर दर आठवड्याला येतात आणि जे ती निमूटपणे पूर्ण करतात, त्यांना सहा वाजेपर्यंतची मुदत अस्वाभाविक वाटत नाही. खऱ्या संस्थांनी घाईची आणि धमकीची भाषा इतकी वापरली आहे, की खोट्या संस्थेला वेगळी भाषा शोधावी लागली नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्राध्यापकांच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि रजा रोखीकरण यांची रक्कम एकाच सुमारास एकाच खात्यात येते, आणि ते खाते वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या एका मोबाईल क्रमांकाशी जोडलेले असते.

फसल्यानंतरचे मौन ही याहून गंभीर बाब आहे. विद्यार्थ्यांना आयुष्यभर शहाणपण शिकविलेल्या व्यक्तीला आपण फसलो हे पत्नीला किंवा मुलालाही सांगणे जड जाते, मग पोलिसांना सांगणे तर दूरच राहिले. या संकोचाची किंमत पैशांत मोजता येते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाविषयी एक तत्त्व घालून दिले. त्यानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे गोपनीय तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळविल्यानंतर पुढे जाणारी रक्कम मात्र बँकेची जबाबदारी. ज्या फसवणुकीत ग्राहकाचा दोष नाही आणि बँकेचाही नाही, अशी त्रयस्थाने केलेली फसवणूक तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य मानले गेले. म्हणजे 'सांगू की नको' या विचारात गेलेली रात्र ज्याने ओटीपी सांगितला त्यालाही महाग पडते आणि ज्याने काहीच केले नाही त्यालाही.

घटना घडल्यास :

मोबाईलवरील नेटवर्क अकारण जाऊन अर्ध्या तासात परतले नाही आणि शेजारच्याच्या मोबाईलवर त्याच कंपनीचे नेटवर्क चालू असेल, तर ती तांत्रिक अडचण समजून स्वस्थ बसू नये. दुसऱ्या मोबाईलवरून प्रथम बँकेस कळवून खाते व यूपीआय थांबवावे, मगच मोबाईल कंपनीकडे जावे. बहुतेक जण हा क्रम उलट करतात आणि दुकानातील रांगेत मोलाचा वेळ जातो. सिम बदलल्यानंतर ग्राहकाला सावरण्यास अवधी मिळावा म्हणून दोन तरतुदी करण्यात आल्या आहेत. दूरसंचार विभागाच्या २०२२ मधील सूचनेनुसार नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएसची सुविधा बंद ठेवावयाची असते. आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. पहिल्या तरतुदीमुळे ओटीपीचा प्रवाह एक दिवस तरी थांबावा अशी अपेक्षा आहे. मात्र नेटवर्क गेल्याचे लक्षात येऊनही त्याच दिवशी हालचाल केली नाही, तर तिचा उपयोग राहत नाही.

पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर त्वरित कळवावे. तेथील नोंदीवरून रक्कम ज्या खात्यात गेली ते खाते गोठविता येते. रक्कम पुढच्या खात्यांत फुटण्याआधी हे व्हावे लागते. पैसे गेले नसतील, केवळ संशयास्पद दूरध्वनी आला असेल, तर त्याची जागा वेगळी आहे. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून 'चक्षू' ही सुविधा उपलब्ध झाली. तेथे असा क्रमांक नोंदविता येतो. आपल्या नावावर एकूण किती मोबाईल जोडण्या आहेत हेही त्याच संकेतस्थळावर पाहता येते. ते प्रत्येकाने एकदा पाहावे. कधी काळी झेरॉक्सच्या दुकानात विसरलेल्या ओळखपत्राच्या प्रतीवर घेतलेले एखादे सिम तेथे आढळू शकते.

भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची आणि तोतयेगिरीची कलमे, माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६ड, तसेच फसवणुकीने सिम मिळविण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारा दूरसंचार अधिनियम २०२३ हे सर्व गुन्हेगाराला शिक्षा करण्यासाठी आहेत. गेलेली रक्कम परत मिळविण्याचा एक स्वतंत्र मार्ग मात्र फारसा परिचित नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४६ अन्वये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे त्यांच्यासमोर चालतात. सिम बदलून देताना पुरेशी शहानिशा न केल्याबद्दल मोबाईल कंपन्यांना आणि बँकांना भरपाई देण्यास भाग पाडणारे निर्णय महाराष्ट्रात या मार्गाने झालेले आहेत. अशा दाव्यात नेटवर्क गेल्याची वेळ, बँकेस कळविल्याची वेळ, तक्रारीचा क्रमांक आणि नवे सिम कोणत्या दुकानातून, कोणत्या कागदपत्रांवर दिले गेले याविषयी कंपनीकडे केलेली लेखी मागणी, हे पुरावे निर्णायक ठरतात. ही टिपणे त्याच दिवशी, मोबाईलवर न ठेवता कागदावर करून ठेवणे श्रेयस्कर होय.